पेग नंबर १७, एका दिवसात चार ऋतू आणि तीन औंस

ट्रेंटकाठी

मंडळी, शीर्षकातला पेग ग्लासातला नव्हे. तळ्याच्या काठावर नंबराची खुंटी ठोकलेली असते, तिच्याजवळ बसून मासे धरायचे, म्हणून त्या जागेलाच पेग म्हणतात. खुलासा आधीच केलेला बरा, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच जायचे.

नॉटिंगहॅमला येऊन नऊ वर्षं झाली. त्यातली शेवटची चार मी रविवारी मॅच फिशिंग करतो (घरून परवानगी मिळेल त्या रविवारी). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वीस-पंचवीस जण सकाळी जमतात, पिशवीत हात घालून चिठ्ठी काढतात आणि तिच्यावर जो नंबर निघेल तिथे जाऊन बसतात. शिट्टी झाली की गळ पाण्यात. पाच तासांनी दुसरी शिट्टी, गळ बाहेर. तोवर धरलेले मासे कीपनेटमध्ये, म्हणजे पाण्यातच बुडवून ठेवलेल्या जाळीच्या लांब पिशवीत, जिवंत. मग काटा फिरतो, वजन होतं आणि मासे परत तळ्यात. ज्याचं एकूण वजन जास्त तो पहिला. एकच धूड की शंभर चिल्लीपिल्ली, काट्याला देणंघेणं नाही.

ही मॅच एप्रिलातली. १५ मार्च ते १५ जून इथल्या नद्यांमध्ये गळ टाकायला बंदी असते, विणीचा काळ म्हणून. त्यामुळे या दिवसांत सगळे तळ्यांवर आणि कालव्यांवर. आमच्या क्लबचं तळं म्हणजे ट्रेंट नदीच्या खोऱ्यातली रेतीची जुनी खाण, पाणी भरून तळं झालेली. चोवीस जण होतो. मला १७ नंबर आला.

गाडीतून उतरलो तेव्हा स्वेटर काढावा असं ऊन होतं. ट्रॉली ओढत पेगपर्यंत पोचेतो भुरभुर सुरू. बैठक मांडून पोल जोडला तर परत ऊन. शेजारी १८ वर एक आजोबा, पंचाहत्तरीच्या पुढचे, आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं. "ए अप, मी डक," म्हणाले. इकडचा रामराम आहे हा, बाईला-बाप्याला सारखाच. मग आकाशाकडे बघून नुसतंच "हंऽ" केलं. त्यानंतर पाच तासांत ते एकूण तीन वाक्यं बोलले असतील.

पोल म्हणजे रीळ नसलेली, कार्बनच्या नळ्या एकात एक खोचून लांब करायची काठी. माझी तेरा मीटर होते. टोकाच्या पोकळीत रबर असतं, मासा ओढू लागला की ते ताणतं आणि दोरा तुटत नाही. मी अकरा मीटरवर तळ मोजला, सहा फूट निघाला. तिथे पोलच्या टोकाला लावलेल्या कपाने थोडा भिजवलेला चारा आणि मूठभर अळ्या सोडल्या आणि गळाला दोन लाल अळ्या टोचून बसलो. पहिल्या तासात एकोणीस रोच. तळहाताएवढे, चांदीच्या रंगाचे, लालसर पंखांचे. लय लागली होती. गळ टाका, चार दाणे चारा टाका, बोंडी बुडाली की उचला. (फ्लोट म्हणजे दोऱ्यावरचा तरंगता तुकडा, त्याचं ते रंगीत टोक. घरी मी त्याला बोंडी म्हणतो, क्लबात म्हणत नाही.)

सव्वाअकराला नैऋत्येकडून काळं आलं. वारा असा की पोल कमानीसारखा वाकून फ्लोट भलतीकडेच जायला लागला. आणि मग गारा. छत्री उघडेपर्यंत मांडीवर, चहात, आमिषाच्या डब्यात गारा. त्या डब्याचं झाकण मी लावलं नव्हतं, इथे माझा दिवस फिरला. कोरड्या अळीला प्लास्टिकची भिंत चढता येत नाही. ओली झाली की चढते. पाच मिनिटांत अर्धा लिटर अळ्या डब्याच्या कडेवरून रांगेने निघाल्या, माझ्या बैठकीवर, बुटावर, एक बाहीत. मी एका हाताने छत्री धरलेली आणि दुसऱ्याने अळ्या वेचतोय. आजोबा तिकडे छत्रीखाली गाल फुगवून बसलेले, डब्यांवर झाकणं, मांडीवर टॉवेल.

गारा थांबल्या. मी घाबरलो. वाटलं, पाणी गार पडलं, रोच संपले. पोल बाजूला टाकला, रॉडला फीडर लावला (चारा भरून फेकायचा वजनदार पिंजरा) आणि तळ्याच्या मध्यावर फेकत बसलो. पन्नास मिनिटांत एक स्किमर, म्हणजे ब्रीम जातीच्या माशाचं पोर. मग लख्ख ऊन पडलं. पृष्ठभागावर रोच उसळ्या मारताना दिसले. घाईघाईने दोन फूट खोलीवरची हलकी मांडणी (फ्लोट, दोरा, गळ) काढली, पाच मासे मिळाले, आणि एकच्या सुमारास वारा फिरून वायव्येचा झाला. हाडात शिरणारा. उसळ्या बंद. मी फ्लोट तीन फुटांवर, मग चार फुटांवर. मग बाकीच्यांचं काय चाललंय ते बघत बसलो. हे सगळ्यात वाईट.

दोनच्या सुमाराला एकदा गडगडलं. आयोजकांनी लगेच शिट्टी मारली, सगळ्यांनी पोल खाली ठेवले. तेरा मीटरची कार्बनची काठी हातात धरून विजेत उभं राहणं म्हणजे आपण होऊन आमंत्रण. वीस मिनिटं गाडीत बसलो. त्या वीस मिनिटांत डोकं थंड झालं म्हणा. परत आलो तो सरळ सकाळच्या जागी, अकरा मीटर, सहा फूट. गळ टाकताच पहिल्यांदाच स्किमर. मग अजून दोन. मग एक टेंच, तेलकट हिरवा, लालबुंद बारीक डोळ्याचा, रबर पार काठावरच्या लव्हाळ्यापर्यंत ताणलं त्याने. तीन पौंडांचा सहज असेल. दहा मिनिटांनी शेवटची शिट्टी.

माझं वजन ११ पौंड ६ औंस, सातवा नंबर. सहाव्याचं ११ पौंड ९ औंस. तीन औंस म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम, एक बऱ्यापैकी रोच. आजोबांचं १४ पौंड २ औंस, आमच्या बाजूत पहिले. दिवसभर त्यांनी मांडणी बदलली नाही. मी विचारलं, गारा पडल्यावर काय केलंत? म्हणाले, "चहा प्यायलो."

---

वेंगुर्ल्याचो_नातू

मस्त लिहिलंयस. पण एक समजलं नाही. पाच किलो मासे धरले नि परत सोडले??

आमच्याकडे गरवायला (गरीने, म्हणजे गळाने मासे धरायला) गेलेला माणूस रिकाम्या हाताने घरी आला तर आजी विचारायची, भरती चुकली की गरी? तिसरं कारण तिला मान्यच नव्हतं.

---

निम्मा_शाकाहारी

शंका तीच, पण उलट्या बाजूने. खायचे नसतील तर त्यांना टोचायचं कशाला? खाण्यासाठी मारणं मला एक वेळ समजतं. खेळासाठी टोचून, पाच तास पिशवीत कोंडून, वजन करून सोडून देणं नाही समजत. भांडायला आलेलो नाही, खरंच विचारतोय.

---

ट्रेंटकाठी

@वेंगुर्ल्याचो_नातू: क्लबचा नियमच तो. शिवाय रोच खाऊन बघ एकदा, काटेच काटे आणि चव चिखलाची. तुझ्या काळुंदराची सर नाही.

@निम्मा_शाकाहारी: प्रश्न रास्त आहे. गळ बिनकाट्याचा असतो (टोकामागचा उलटा काटा नसलेला, बोटाने सुटतो), मासा ओल्या हातानेच धरायचा, ऊन कडक असेल तर मॅच लहान करतात. पण हे सगळं माशाच्या भल्यासाठी करतो असं म्हणालो तर ते खोटं होईल. माशाला विचारलं तर तो नकोच म्हणेल. मला यात आनंद मिळतो, त्याची किंमत कमीत कमी ठेवायचा प्रयत्न करतो, एवढंच प्रामाणिकपणे सांगू शकतो.

---

लीड्सचा_बाळ्या

मीही याच रोगाचा रुग्ण, बारा वर्षं. तुझं निदान थोडं चुकलंय असं वाटतं, म्हणून लिहितो.

मांडणी बदलणं ही चूक नव्हती. बदलावी लागते. सकाळची जागा सोडल्यावर तिथे चारा टाकणं तू बंद केलंस, ही चूक. फीडर मध्यावर असतानाही दर चार-पाच मिनिटांनी गलोलीने आठ-दहा अळ्या अकरा मीटरवर मारत राहायच्या. हाताला सवय लागते, बघावंही लागत नाही. मग परत येशील तेव्हा पंगत बसलेलीच असते. तुला शेवटी स्किमर मिळाले ते सकाळच्या चाऱ्यावर, आणि जागेला तीन तास विश्रांती मिळाली म्हणून. दीडला परत आला असतास तर तीन औंस सोड, आजोबांच्या जवळपास गेला असतास.

आणि आजोबांनी काही केलं नाही यावर माझा विश्वास नाही. बदललं नाही असं दिसतं फक्त. वारा आला की फ्लोटखालच्या दोऱ्यावरचे छर्रे (बारीक वजनं) दोन इंच खाली सरकवायचे, गार पडलं की दोन अळ्यांची एक करायची, असलं ते शेजाऱ्याला कळूही न देता करतात. खाणकामगार होते म्हणालास ना. त्या पिढीने हा खेळ इथे वाढवला. कोळशाच्या पट्ट्यातल्या क्लबांतून बसेस भरून लोक ट्रेंटवर जायचे.

कोणाला आला होता पहिला नंबर? आणि कुठल्या पेगला?

---

ट्रेंटकाठी

गलोलीचं पटलं. मुकाट्याने कबूल. (अळ्या बाहीत असताना गलोल कुठून सुचणार म्हणा.)

पहिला पेग ५, एकतीस पौंड. ईशान्येचा कोपरा. आधीचे तीन दिवस नैऋत्येचाच वारा होता, म्हणजे तो बाबा वारा तोंडावर घेऊन बसलेला. सकाळी चिठ्ठ्या निघाल्या तेव्हाच सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं होतं.

---

चहाबाज

म्हणजे लॉटरी आहे तर! चिठ्ठीत चांगली जागा आली की जिंकलात. याला खेळ कसं म्हणायचं?

---

लीड्सचा_बाळ्या

एका मॅचपुरतं खरंय, चिठ्ठीचा वाटा मोठा असतो. पण मग बॉब नडने जागतिक विजेतेपद चारदा (१९९०, १९९१, १९९४, १९९९) आणि ॲलन स्कॉथॉर्नने पाचदा कसं मिळवलं? लॉटरी पाचदा लागत नाही. मोठ्या स्पर्धांत काठाचे भाग पाडतात आणि आपापल्या भागातल्या नंबरावर गुण देतात, वाईट कोपऱ्यात बसलेल्याचा हिशेब त्याच्या शेजाऱ्यांशीच लागतो.

---

भौतिकी_मास्तर

गळ कधी हातात धरला नाही, पण धाग्यात हवामान आलंय म्हणून घुसतो.

मासेमारीच्या गप्पांत नेहमी ऐकतो की हवेचा दाब उतरला की मासे खायचे थांबतात (किंवा खायला लागतात, सांगणाऱ्यावर अवलंबून). हिशेब बघा. एक हेक्टोपास्कल दाब म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाणी. चांगलं वादळ येताना वीसेक हेक्टोपास्कल उतरले, तर माशाच्या दृष्टीने तो एक वीत वर सरकला. तेवढा तर तो अळी खायला दिवसातून शंभरदा वर-खाली होतो. त्यामुळे दाबाला थेट जबाबदार धरणं मला अवघड जातं. दाबाबरोबर जे येतं, म्हणजे ढग, वारा, पाऊस, त्याने प्रकाश आणि पाण्याची हालचाल बदलते. ते कारण जास्त पटतं.

दुसरं म्हणजे गारा. सहा फूट खोल पाणी पाच मिनिटांच्या गारांनी गार पडत नाही. वरचा थर गारठतो, आणि ४ अंशांच्या वर असलेलं पाणी गार झालं की जड होतं, खाली बसायला लागतं. म्हणजे बिघाड आधी वरच्या दोन फुटांत. नेमकं तिथेच तुम्ही दुपारी मासे शोधत होतात. तळाशी सकाळचंच राज्य चालू असणार.

आणि पेग ५: तीन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला की वरचं उबदार पाणी त्या टोकाला ढकललं जातं, सोबत तरंगणारं खाद्य. वारा दुपारी एकला फिरला म्हणून ते पाणी एकलाच परत फिरत नाही.

---

ट्रेंटकाठी

मास्तर, एक वीत! हे मी क्लबात सांगणार आहे. तिथे एक जण घरून बॅरोमीटर बघून येतो आणि हरला की आकडा सांगतो.

तळाचं म्हणताय ते आता नीट डोक्यात शिरलं. मी पाच तास आभाळाकडे बघून निर्णय घेत होतो, मासे बसलेले पाण्यात.

---

वेंगुर्ल्याचो_नातू

आमच्या खाडीत आभाळ दुय्यमच. आधी तिथी. उधाणाला पाणी असं धावतं की शिसं टिकत नाही, भांगाला (अष्टमीच्या आसपासची कमजोर भरती) इतकं सुस्त की मासा हलत नाही. मधले चार-पाच दिवस खरे. मे महिन्याच्या शेवटी पहिला वळीव कोसळला की खाडी गढूळ होते, तेव्हा शेंगाळे लागतात, बाकी कोण नाही. तांबोशी हवी तर पाणी निवळायची वाट बघायची.

बंदी आमच्याकडेही आहे, पण समुद्रात आणि यांत्रिक बोटींना, १ जून ते ३१ जुलै. गरीवाल्याला कोण विचारत नाही. नदीला तर त्याच दिवसांत चढणीचे मासे येतात आणि सगळा गाव ते धरायला उतरतो, पोटात अंडी असताना. इंग्रज नेमके विणीचेच महिने नदी बंद ठेवतात हे वाचून जरा ओशाळलो.

अवांतर: तिकडे वजनाला शिसं चालत नाही म्हणे, मग त्याऐवजी काय लावता?

---

ट्रेंटकाठी

इथे बारक्या शिशाच्या गोळ्यांवर १९८७ पासून बंदी आहे. पाण्यात पडलेले छर्रे राजहंस दगडी कण समजून गिळायचे आणि शिशाच्या विषाने मरायचे. आता बिनविषारी मिश्रधातूचे मिळतात. महाग, आणि दाताने दाबले तर दात दुखतो.

तुझ्यासाठी एक गंमत. इथे बोरूसारख्या लांब फ्लोटांचा एक प्रकार आहे, त्याची दांडी जुन्या लोकांकडे अजून मोरपिसाच्या देठाची असते. हलकी, सरळ, आत पोकळ नाही पण बुचासारखी. आजोबांचा तसलाच होता. मी म्हटलं हा आमचा राष्ट्रीय पक्षी. त्यांचं दुसरं वाक्य तेव्हा आलं: "चांगला पक्षी आहे."

---

पवईकर

हे वाचून मुद्दाम लॉगिन झालो. मुंबईतही गळाने मासे धरण्याचा नाद जुना आहे. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, १९५५ पासूनची. तलाव १८९१ चा, इंग्रजांनी पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला. कटला आणि रोहू हे आमचे मोठे गडी. वडील जायचे, मी शाळेत असताना मागे लागून जायचो. चारा मळणं हाच अर्धा सोहळा. पेंड, भाजलेलं बेसन, ब्रेड, आणि प्रत्येकाचा आपापला गुपित मसाला, कोणी ओवा, कोणी मध. वडिलांनी त्यांचा मसाला मलाही सांगितला नाही, एकांगी (वासाची एक मुळी) असावी असा माझा संशय आहे.

हवामानाचं म्हणाल तर तिथे जलपर्णी. वारा फिरला की जलपर्णीचा अख्खा गालिचा सरकत येऊन तुमच्या गळावर बसतो. तासाभराने आपोआप निघूनही जातो. आणि कीपनेट वगैरे टाकण्याआधी मगर कुठे आहे ते बघायचं.

---

चहाबाज

मगर?! लॉटरीत तोही पेग असतो का?

---

मृण्मयी_न

मला वेगळीच उत्सुकता. त्या अळ्या आठवडाभर ठेवता कुठे?

---

ट्रेंटकाठी

फ्रिजमध्ये. गारव्यात सुस्त पडून राहतात, नाहीतर दोन दिवसांत कोष आणि मग माश्या. कोरड्या राहाव्यात म्हणून मक्याचं पीठ भुरभुरतात. पहिल्या वर्षी मी ते स्वयंपाकघरातल्या डब्यातलं घेतलं, आणि उरलेलं (चाळून!) परत टाकलं. यापुढचं इथे लिहिणार नाही. आता गॅरेजमध्ये माझा वेगळा फ्रिज आहे, आणि तो मी आणलेला नाही, मला आणून देण्यात आला.

---

मृण्मयी_न

चाळून. बरं. तुमच्या घरातल्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

---

लीड्सचा_बाळ्या

धागा वर काढतो. पुढची मॅच झाली असेल ना? गलोल मारलीस का?

---

ट्रेंटकाठी

झाली काल. चिठ्ठीत काय आलं असेल? पेग ५! सगळ्यांनी पाठ थोपटली. आजोबा माझ्यापासून लांब, २१ वर.

झाकणं लावली. गलोल मारली, दर चार मिनिटांनी, घड्याळ लावून. मांडणी बदलली नाही. पण शुक्रवारपासून वारा ईशान्येचा आहे, म्हणजे पाच नंबरला पाठीमागून. समोर पाणी आरशासारखं, निवळशंख, तळाला पडलेल्या माझ्याच अळ्या दिसत होत्या. पाच तासांत दोन पर्च, सव्वा पौंड मिळून. एकविसाव्याला वारा तोंडावर होता, आजोबा दुसरे आले.

---

वेंगुर्ल्याचो_नातू

दोनच गावले? आणि ते पण परत सोडलंस? काय म्हणूचा तुका!